दिरहम नव्हे, द्राम

"दिरहम संपलेत मॅडम, सोमवारी या." परकीय चलनाच्या काऊंटरवर काचेच्या पलीकडून हे उत्तर आलं तेव्हा माझं तिसऱ्यांदा 'द्राम' म्हणून झालं होतं. अगदी द ला र नीट जोडून आणि शेवटचा म न गिळता.

ऑक्टोबरात आर्मेनियाला जायचं होतं, आणि वास्तविक मला डॉलरच हवे होते. द्राम हे आर्मेनियाचं चलन, ते देशाबाहेर सहसा कुठे मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. डॉलर किंवा युरो न्यायचे आणि राजधानी येरेवानमध्ये उतरल्यावर बदलायचे, विमानतळावर टॅक्सीपुरते आणि बाकीचे शहरात, अशी साधी पद्धत आहे. पण रांगेत वीस मिनिटं उभं राहिल्यावर माणूस काहीतरी विचारतोच. मी विचारलं, "द्राम असतात का हो तुमच्याकडे?"

"कुठलं हे?"

"आर्मेनियाचं."

त्याने पडद्यावरची यादी खाली सरकवली आणि मोठ्याने वाचू लागला. "अल्बानिया, अल्जेरिया, अँगोला, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया... नाही मॅडम. अर्जेंटिना चालेल का?"

हे थट्टेने म्हटलं असतं तर मी हसले असते. तो मनापासून विचारत होता.

एवढ्यात मागून आवाज आला. "रोमानियाला चाललात का? छान आहे. बुखारेस्ट करा."

वळून पाहिलं तर साठीचे गृहस्थ. छातीशी प्लास्टिकचं पाकीट, त्यात पासपोर्ट आणि झेरॉक्स. 'मी तेवीस देश केलेत,' ही माहिती त्यांनी नावाच्याही आधी दिली. नाव मग राहूनच गेलं. देश 'करणं' हे क्रियापद कुठून आलं कोण जाणे. इस्त्री करतात, दाढी करतात, तसे लोक देश करतात आणि पुढच्या देशाला लागतात.

"आर्मेनिया, काका."

"तेच ते. तिकडचंच ना."

"रोमानिया काळ्या समुद्राच्या पश्चिमेला. आर्मेनिया पूर्वेला, कॉकेशस डोंगरांच्या दक्षिणेला. आणि आर्मेनियाला समुद्र नाहीच."

"समुद्र नाही?" काकांचा चेहरा माझ्यासाठी कष्टी झाला. "मग तिथे बघायला काय आहे?"

गेला महिनाभर हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांच्यापैकी एकानेही उत्तर ऐकून घेतलेलं नाही. पॅरिसला जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, तिथे काय आहे म्हणून. तिथे काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे तिथेच जातात आणि रांग लावतात. जिथे रांग नाही तिथे निघालेल्या माणसाने मात्र आधी आपली बाजू मांडायची, पुरावे द्यायचे. चिडून मी सगळ्यात मोठा पुरावा काढला. "अरारात आहे. पाच हजार एकशे सदतीस मीटर उंच, बर्फाचा. येरेवानमधून समोर दिसतो."

"वा! चढता येतो?"

"तो... तुर्कस्तानात आहे."

काका काही क्षण गप्प राहिले. मग काऊंटरवरच्या मुलाकडे बघत म्हणाले, "म्हणजे जायचं आर्मेनियाला, आणि बघायचं तुर्कस्तानातलं!"

रांगेतले दोघं हसले. राग याचा आला, की मुद्दा बिनतोड होता. आर्मेनियाच्या राजचिन्हावर अरारात आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे, आणि प्रत्यक्षात तो सीमेपलीकडे. येरेवानहून ४० किलोमीटरवर खोर विराप नावाचा मठ आहे, तो या सीमेला जवळजवळ खेटून. फोटोत मठ पुढे आणि पर्वत मागे दिसतो. तिथेही सकाळी लवकर पोचावं लागतं, दुपार झाली की शिखर ढगात. उन्हाळ्यात तर धुरकट हवेमुळे दिवस दिवस दिसत नाही. म्हणूनच मी शरद ऋतू निवडला. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर काका पुढच्या देशाला लागले होते.

"मग एक काम करा. बाकूपण करून टाका. बाजूलाच आहे."

आहे ना, बाजूलाच आहे. आर्मेनियाला चार शेजारी. त्यातल्या अझरबैजानची, म्हणजे बाकू ज्याची राजधानी त्या देशाची, सीमा बंद. तुर्कस्तानची १९९३ साली बंद झाली, ती उघडणार उघडणार म्हणतात. राहिले उत्तरेला जॉर्जिया आणि दक्षिणेला इराण. बाकू 'करून टाकायचं' तर आधी जॉर्जियात तिबिलिसीला जायचं आणि तिथून विमान पकडायचं. अझरबैजानच्या जमिनीवरच्या सीमा २०२० पासून प्रवाशांना बंद आहेत, त्यामुळे तिबिलिसीहून बसचाही उपयोग नाही. येरेवान ते तिबिलिसी रात्रीची रेल्वे आहे. त्यात एक मेख आहे. उन्हाळ्यात ही गाडी पुढे समुद्रकिनारी बातुमीपर्यंत रोज धावते. सप्टेंबर संपला की ती तिबिलिसीपर्यंतच जाते, आणि तीही एक दिवसाआड. ऑक्टोबरचा आराखडा उन्हाळ्याच्या वेळापत्रकावरून बांधणारा माणूस एक रात्र फलाटावर काढतो. गाडी मिळाली तरी पासपोर्टसाठी रात्रीतून दोनदा उठवतात ते वेगळंच.

"किती दिवस जाताय?"

"दहा."

"दहा?" काकांनी पाकीट दुसऱ्या हातात घेतलं. "एवढासा देश, दोन दिवसांत होतो!"

इथे माझा संयम सुटला. मनातल्या मनात, अर्थात. देश २९,७४३ चौरस किलोमीटरचा आहे हे खरं, पण तो उभा आहे, आडवा नाही. नकाशावर वीतभर दिसणारं अंतर घाटांनी चौपट होतं. येरेवानहून दक्षिणेला तातेवचा मठ साधारण २५० किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं विकणारे आहेत, पण त्यात आठ-नऊ तास गाडीत जातात आणि मठाच्या वाट्याला जेमतेम तास येतो. शिवाय शेवटचा टप्पा रोपवेचा. २०१० साली सुरू झालेला हा रोपवे ५,७५२ मीटर लांब आहे, दरीवरून बारा-एक मिनिटांत पोचवतो. वारा सुटला की तो थांबवतात, आणि हंगाम ओसरल्यावर सोमवारी बंदही असतो. म्हणून गोरिस गावात मुक्काम करायचा, तातेव सोमवार सोडून ठेवायचं, आणि वाऱ्यासाठी एक सकाळ हातची राखायची. झाले इथेच तीन दिवस.

खरी गोची तारखांची आहे. अरेनी गावातला वाइनचा उत्सव ऑक्टोबरच्या सुरुवातीला. (याच गावाच्या गुहेत सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीची वाइन गाळायची जागा सापडली, आणि साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा एक चामड्याचा बूट. एकच. दुसऱ्या पायाचं काय झालं, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.) दिलिजानच्या जंगलात पानं पिवळी-तांबडी होतात ती ऑक्टोबरच्या मध्यानंतर. म्हणजे द्राक्षं धरली तर पानं हिरवी, पानं धरली तर द्राक्षं पिंपात. दोन्ही हवं म्हणून मधला आठवडा धरणाऱ्याला निम्मी द्राक्षं आणि निम्मी पानं मिळतात. मी पानं धरली. मग पुढचं संकट असं, की अरेनीच्या बाजूने उत्तरेला सेवान सरोवराकडे जाणारा जवळचा रस्ता सेलिम खिंडीतून जातो. ती २,४१० मीटरवर. तिथे १३३२ साली बांधलेली काफिल्यांची धर्मशाळा अजून उभी आहे. बर्फ पडला की रस्ता बंद, आणि ऑक्टोबर सरत आला की ती शक्यता धरावीच लागते. तेव्हा येरेवानवरून वळसा घालायला एक दिवस वेगळा काढायचा. कपड्यांचंही तसंच. येरेवानमध्ये ऑक्टोबरात दुपारी विशीच्या आसपास तापमान आणि रात्री आठ-दहा, पण सेवान १,९०० मीटरवर, तिथे दुपारीसुद्धा जाकीट लागतं.

यातलं मी काकांना काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "वायोत्स जोर नावाचा भाग बघायचाय."

"जोर?" काका खूश. "म्हणजे जोर-बैठका?"

आणि गंमत म्हणजे उच्चार त्यांचाच बरोबर होता! आर्मेनियन भाषेत जोर म्हणजे दरी, आणि त्यातला ज आपल्या जोरातलाच, 'जीव'मधला नव्हे. एजमियाचिन या तिथल्या गावाच्या नावातला च 'चूक'मधला. इसवी सन ४०५ मध्ये मेस्रोप माश्तोत्स यांनी ३६ अक्षरांची लिपी घडवली तेव्हा हे दोन-दोन च आणि ज वेगळे मांडले. आपण एकाच अक्षरावर भागवतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र याचा चिवडा होतो. नकाशावर एजमियाचिन चार तऱ्हांनी सापडतं, आणि वाघार्शापात या अधिकृत नावाने पाचव्यांदा.

घरी आल्यावर कळलेली गोष्ट त्याहून जिव्हारी लागली. ग्रीकांचं नाणं द्राख्मा. त्यावरून अरबी दिरहम, त्यावरूनच आर्मेनियन द्राम, शिलाहारांच्या शिलालेखांतला द्रम्म, आणि आपला दामही. म्हणजे काचेपलीकडचा तो मुलगा तसा फारसा चुकलेला नव्हता. एका घराण्यातलं चुलत नाणं देत होता, इतकंच. हे मी त्याला जाऊन सांगणार नाही.

शेवटी डॉलरच घेतले. दहा नोटांतल्या एका शंभराच्या नोटेवर निळ्या शाईचा छोटा शिक्का होता, आणि दुसरीचा कोपरा मुडपून चिरलेला. असल्या नोटा तिकडे नाकारतात, निदान भाव तरी पाडतात. मी दोन्ही परत सरकवल्या. "या बदलून द्या."

"मॅडम, चालतात सगळीकडे."

"आर्मेनियात नाही चालत."

त्याने सुस्कारा सोडून खण उघडला. मागून काका रांगेला उद्देशून म्हणाले, "म्हणून म्हणतो, दुबई बरी."