ऑक्सिजन सेन्सर बदलला नाही म्हणून एक स्टार: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सेन्सर बदलायला गाडी दिली तरी बदलला नाही, गाडी रात्रभर ठेवून घेतली, वर तुम्ही ऑनलाइन मागवलेला सेन्सर बसवायलाही नकार दिला, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या का केल्या, तेवढं राहिलं, म्हणून लिहितोय.

तुम्ही दुसरीकडे स्कॅन करून पी०१३१ या कोडचा फोटो घेऊन आलात. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडून, म्हणजे इंजिनाजवळ धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या सेन्सरकडून, व्होल्टेज कमी येतंय, एवढंच तो कोड सांगतो. हवा जास्त असली की व्होल्टेज कमी येतं. दोष कोणाचा ते आपल्यालाच शोधावं लागतं. चांगला सेन्सर तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होत असतो. तुमचा ०.१ ला चिकटून बसला होता. आमच्या पोराने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, जरासा कार्ब क्लीनर मारला (तो पेट्रोलसारखाच जळतो), तसा आकडा झटक्यात ०.८ च्या वर गेला. मेलेला सेन्सर असा उठत नाही. म्हणजे सेन्सर बरोबर सांगत होता, एक्झॉस्टमध्ये खरंच जादा हवा होती.

ती कुठून येते हे बघायलाच गाडी रात्रभर ठेवली. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या जोडाचं, गॅस्केट फुंकलं असेल तर आवाज गार इंजिनावर येतो. एकदा तापलं की धातू फुगतो आणि फट दबते. सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर फुसफुस ऐकू आली, हीट शील्ड काढल्यावर कडेला काजळीचा काळा पट्टाही दिसला. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची. सेन्सरला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणखी पेट्रोल सोडायचा. तुमचं मायलेज तिथे जात होतं. नवा सेन्सर टाकला असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

सांगलीत अजून एक प्रकार बघायला मिळतो. २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडलेल्या असतात, आणि सेन्सर विनाकारण बदलला जातो. म्हणून तुमचाही कनेक्टर उघडून बघितला होता. तो स्वच्छ निघाला.

आता तुमच्या ऑनलाइन सेन्सरबद्दल. तो युनिव्हर्सल होता, म्हणजे जुन्याची वायर कापून जोड द्यायचा. या जातीच्या बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरच्या आतूनच जाते. तिथे सोल्डर किंवा ग्रीस भरलं की सेन्सर खोटं बोलायला लागतो. शिवाय इतकी वर्षं तापून बसलेला सेन्सर खोलताना आटे निघून येण्याची भीती असते, मग मॅनिफोल्डचं काम वेगळं. चालू असलेल्या सेन्सरसाठी एवढी जोखीम मी घेत नाही. स्वतःच्या गाडीलाही घेतली नसती.

तरीही सेन्सर कधीच बदलू नका, असं मी म्हटलेलं नाही. हिटरवाला सेन्सर साधारण १ लाख ते १.६ लाख किलोमीटर चालतो, तुमची गाडी १.३ लाखाला आहे. आणि २०१२ ची असल्यामुळे २०२७ ला पंधरा वर्षं भरून पुन्हा पासिंग करावं लागेल. पासिंग करून पुढची पाच वर्षं वापरायची असेल, तर येत्या मोठ्या सर्व्हिसिंगला पुढचा सेन्सर कंपनीचाच टाका. म्हातारा सेन्सर हळू होत जातो, पेट्रोल जादा जळायला लागतं आणि शेवटी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो. त्याच्या किमतीपुढे सेन्सर काहीच नाही. गाडी काढून टाकायचा विचार असेल, तर मात्र आत्ता एक रुपयाही घालू नका. मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टरवर लक्ष ठेवायला असतो, त्याचा कोड येईपर्यंत त्याला हात लावायची गरज नाही. हे सगळं तुमच्या बिलाच्या मागे थोडक्यात लिहून दिलंय.

गॅस्केट बदलूनही मायलेज अजून वाढलं नाही म्हणता. डॅशबोर्डवरचा सरासरी आकडा रिसेट केला का? टाकी फुल करून, पुन्हा फुल होईपर्यंतचे किलोमीटर मोजा आणि मला कळवा.

तपासणीचे ४०० रुपये परत मिळणार नाहीत, ते काम झालेलं आहे. काढलेलं जुनं, जळालेलं गॅस्केट जपून ठेवलंय. डॅशबोर्डवरची इंजिनाची लाईट पुन्हा लागली तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, सकाळी गार इंजिनावर तुमच्यासमोरच चालू करू.