‘२१ दिवसांत शुगर मुळासकट’ : त्या मेसेजला कलमवार उत्तर

आमच्या लातूर-धाराशिव भागातल्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कडुलिंब, कारलं, जांभळाची बी, मेथी आणि गुडमार यांचा अर्क किंवा चूर्ण उपाशीपोटी घ्या, २१ दिवसांत शुगर मुळासकट जाते. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य. इंग्रजी गोळ्यांनी किडन्या जातात, त्या आजच बंद करा. पणजोबांना कुठं होती शुगर? आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी इन्सुलिनचं झाड कुंडीत लावा. खाली ‘आयुर्वेदात सांगितलंय’ हा शिक्का आणि डबा मागवायला मोबाईल नंबर.

माझं मेडिकल आहे. म्हणजे ‘हा गोळ्या विकणारा, असंच बोलणार’ हे आलंच. तर मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीच्या पट्टीवर कुणाचा बंगला उठत नाही; चूर्णाच्या डब्यावर त्याहून कितीतरी जास्त सुटतात.

या वनस्पतींनी शुगर उतरते, हे पहिलं कलम. ते अगदीच खोटं नाही, आणि म्हणूनच मेसेज चालतो. मेथीदाण्यात विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत होऊन जेवणातली साखर रक्तात हळू जाऊ देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर नीट काम केलंय, पण तिथे दिवसाला २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत मेथी दिली होती. आपण भिजवतो चमचाभर.

गुडमारची गंमत तर घरबसल्या बघता येते. पान चावून चघळा आणि मग गुळाचा खडा तोंडात टाका, माती चघळल्यासारखं लागतं. जिभेवरची गोडाची जाण थोडा वेळ बंद पडते. पण जिभेला गोड कळलं नाही म्हणून तो गूळ रक्तात जायचा राहत नाही. याच गुडमारच्या अर्कावर १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत दिवसाला ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. त्यातल्या ५ जणांच्या गोळ्या सुटल्या. मेसेजवाल्याने दीड वर्षाचे २१ दिवस केले आणि ५ जणांचे सगळे.

कारल्यावरच्या ४ चाचण्या, मिळून ४७९ रुग्ण, २०१२ मध्ये कोक्रेन या जगभरच्या चाचण्या एकत्र पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात तपासल्या गेल्या. टाइप २, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या, मधुमेहात उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा निघाला नाही. कारल्याची भाजी खा, छानच आहे. तिला गोळीच्या जागी बसवू नका.

२१ दिवसांबद्दल फार लिहायची गरज नाही. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, कारण तांबडी पेशी जगतेच १२० दिवसांच्या आसपास. तीन आठवड्यांनी उपाशीपोटीचा एक आकडा कमी आला, तर त्यामागे मेसेज वाचून सोडलेला गोड चहाही असू शकतो.

आता ‘नैसर्गिक म्हणून अपाय नाही’. माझा खरा राग या ओळीवर आहे. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येतो. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू, वर पेलाभर कारल्याचा रस, आणि शेतात गेलेल्या माणसाला भाकरी मिळते अकराला. शुगर ७० च्या खाली घसरते. दरदरून घाम, हातांना कापरं, बोलणं अडखळतं. मे महिन्यात आपल्याकडे असा माणूस बांधावर बसला की सगळे म्हणतात, ऊन लागलं. नाकाला कांदा लावतात, डोक्यावर पाणी ओततात. त्याला हवी असते साखर. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळायला सांगितलंय. हे तर महाभयंकर. दुधी कधीकधी कडू निघतो, आणि तो कडूपणा म्हणजे विष असतं. त्याने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीही आहेत. कडू लागला की थुंकून टाकायचा, हा आपला एकमेव बचाव, आणि कारलं नेमका तोच काढून घेतं. दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका, असं आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलेलं आहे.

शिवाय बिनलेबलच्या पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ चूर्णात चक्क ग्लिबेनक्लामाइड हे शुगरचं इंग्रजी औषध सापडल्याच्या नोंदी अनेक देशांच्या औषध प्रशासनांकडे आहेत. एखाद्या चूर्णाचा दोन दिवसांतच जबर गुण आला, तर मला तरी आनंद होण्याआधी शंका येते.

गोळ्यांनी किडनी जाते? किडनी खाते ती वर्षानुवर्षं चढलेली शुगर आणि बीपी. किडनी आधीच दुबळी असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करतात, त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला. आणि ‘इंग्रजी’ म्हणाल तर या गोळीचं मूळ झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती होती, मेंढ्यांनी चरली तर मेंढ्या मरायच्या. तिच्यातल्या द्रव्याच्या जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी त्याचा रुग्णांवरचा वापर मांडला. पाल्यापासून मोजलेल्या गोळीपर्यंत यायला एवढी वर्षं लागली.

पणजोबांचं म्हणाल तर चरकाने प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, २० प्रकार सांगितलेत, म्हणजे हा रोग तेव्हाही होता. त्यातले वातामुळे होणारे चार, ज्यात मधुमेह येतो, असाध्य म्हटलेत. ‘आयुर्वेदात सांगितलंय’ म्हणणाऱ्यांनी हेही फॉरवर्ड करावं.

इन्सुलिनच्या झाडात इन्सुलिन नसतं. असतं तरी उपयोग नव्हता, कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. म्हणून तर ते टोचावं लागतं. टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा मधुमेह, असलेल्या लेकराचं इन्सुलिन या पानांवर विसंबून बंद केलं, तर काही दिवसांतच जिवावर बेततं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं, त्याआधी अशी लेकरं जगतच नव्हती.

राहिला तो मोबाईल नंबर. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. मधुमेह त्याच्या यादीत नावानिशी आहे. मेसेजचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट काढून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आणि घरात कुणी गोळ्या आधीच बंद केल्या असतील, तर उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन शुगर तपासा. चूर्णाचा डबाही सोबत न्या, डॉक्टरांना दाखवायला.