एक भागिले तीन

आपल्याच वेलाच्या कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, फोड शेजाऱ्यानं आपल्या दारात आणून द्यावी आणि वर "घ्या गुरुजी, लाजू नका" म्हणावं, हे ज्याच्यावर गुदरलं त्यालाच समजंल. माझ्यावर काल गुदरलं. रात्रभर पोटात खदखदून राहिलं म्हणून लिहून टाकतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, न्हाणीच्या पाण्यावर आळं करून चार बिया टोचल्या होत्या. दोन उगवल्या, त्यातली एक लाल भुंग्यानं दोन दिवसात चाळणी करून संपवली, उरलेलीवर मी रोज सकाळी चुलीची राख भुरभुरवत बसलो. वय 68. डॉक्टरनं सांगितलंय शिडी चढायची नाही, उकिडवं बसायचं नाही. उकिडवं न बसता आळं कसं खुरपतात हे काही त्यानं सांगितलं नाही, फी मात्र पूर्ण घेतली.

वेल माजला, पण सुरुवातीला नुसती नर फुलं. बायकोनं त्यांची भजी केली, तीनदा. मग मादी फुलं आली, बुडाशी सुपारीएवढी गाठ घेऊन, आणि दोन-चार दिवसांत पिवळी पडून गळायला लागली. बायको म्हणे, "तुम्ही बोट दाखवता ना, म्हणून कुजतात." आता मी 34 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मला सांगते! अहो परागकण पोचले नाहीत की फळ धरत नाही, बोटाचा काय संबंध. नसतील मधमाश्या तर आपण करू, म्हणून सकाळी सहाला उठून नर फुलाच्या पाकळ्या खुडायच्या आणि आतला दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवायचा, कारण नऊ-दहा वाजता फूल मिटतं, मग काही उपयोग नाही. तर कुंपणापलीकडून ब्रश तोंडात धरून आवाज, "गुरुजी, फुलायचं लगन लावून राहिले का?"

हाच तो शेजारी. पोरगा म्हणतो मी त्याला, आहे 45 चा. सातवीत माझ्याच वर्गात होता.

लगन लावलेल्यांपैकी एकच फळ टिकलं, आणि त्या वेलाला सगळं आभाळ मोकळं असताना ते धरलं कुठे, तर कुंपण ओलांडून याच्या टिनावर. पावसाळाभर मी खालून मान वर करून पाहत राहिलो. पुण्याला फोटो पाठवला, तर मुलगा म्हणे बाबा कशाला ही दगदग, आणि नातू म्हणे आजोबा हा हॅलोवीनचा पंपकिन आहे का. म्हटलं दिवाळीला ये, कोहळ्याचे बोंडं खाऊ घालतो, मग सांग.

काल देठ वाळलेला दिसला. शिडी काढली तर हा धावत आला. "गुरुजी, तुमी राहू द्या, मी चढतो." मी खालून ओरडून सांगितलं, आधी नख लावून पाहा, रुतलं तर कच्चं आहे, राहू दे, आणि काप तर चार बोटं देठ ठेवून, आणि काही झालं तरी देठाला धरून उचलू नको. वरून "हो गुरुजी, हो गुरुजी". हे "हो गुरुजी" मी सातवीत वर्षभर ऐकलं होतं, तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. गड्यानं नऊ किलोचं कोहळं बादलीसारखं देठाला धरून उचललं. कडक! देठ त्याच्या हातात, कोहळं टिनावर गडगडत पन्हाळीत अडकलं.

देठ मुळातून तुटला की कोहळं टिकत नाही, तिथूनच सडतं. संपली दिवाळी.

"काई हरकत नाई गुरुजी, मंगळवारी आमच्या बुढ्याचं पित्तर हाय, कामी पडलं." आणि विळा घेऊन बसलाच. आख्खं कोहळं आमच्याकडे बाई कापत नाही, पहिला घाव माणसानं घालायचा. मी हात पुढे केला तर परत तेच, "तुमी राहू द्या."

"हिस्से कसे करतो?" मी विचारलं.

"सोपं हाय ना बाप्पा. वेल कोनाचा? तुमचा. टिन कोनाचं? माहं. चढलं कोन? मी. झाले तीन हिस्से. एक तुमचा, दोन माहे. एक भागिले तीन, तुमीच तं शिकवलं."

"आणि पाणी?"

"पाणी वरून पडलं, त्याचे काय पैसे लागले काय?"

"बी तर माझं होतं ना!"

"बी कोनाकडून आणलं होतं गुरुजी? माह्या मायकडून."

खरं होतं. मी गप्प बसलो, अजून एक प्रश्न विचारला असता तर तिसरा हिस्साही गेला असता. आणि दुःख असं, की सातवीत ज्याला अपूर्णांकात दहापैकी दोन मिळत होते त्याचं गणित काल कुठेच चुकलं नाही.

पण हे "तुमी राहू द्या" काय आहे? बँकेत राहू द्या, सिलिंडर उचलायला गेलो की राहू द्या, लग्नात वाढायला उठलो की राहू द्या. एसटीत अर्धं तिकीट, कोहळ्यात एक तृतीयांश. 75 ला एसटी पूर्ण फुकट होते म्हणतात, तेव्हा कोहळ्यात काय बिया मिळणार का?

त्याही नाहीत. संध्याकाळी फोड घेऊन आला तेव्हा बिया काढलेल्या होत्या. "बिया मी वाळू घातल्या गुरुजी. पुढच्या आखाजीले मी लावतो. टिनाले लय वजन होते, म्हणून वेल तुमच्या स्लॅबवर चढवू."

मी बरं म्हणालो. भाजी चांगली झाली होती, त्याचाही राग आला.

चढू दे वेल स्लॅबवर. बोट दाखवल्यानं काही कुजत नाही हे मी 34 वर्षं शिकवलंय. तरी रोज सकाळी सहाला उठून दाखवून पाहीन म्हणतो.