शेतात भराव घाला म्हणणारा तो मेसेज

परवा काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्यात म्हटलं होतं: मडगावच्या बाहेरून शेतांतून जाणारा बगलमार्ग खांबांवरच हवा, असा हट्ट धरून शेजारच्या बाणावलीवाल्यांनी मडगाव अडवलं, भराव घालून मोऱ्या ठेवल्या की पाणी जातंच, तशीही ती शेतं पडीकच, शहराभोवती रिंग रोड पुरा झाला की कोंडी कायमची मिटेल, आणि जोडरस्त्यांवर क्लोव्हरलीफ, म्हणजे चार पाकळ्यांसारख्या वेटोळ्यांचे जोड, बांधले की काम झालं. काकांचा जन्म मडगावात गेला. दर चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान ते याच शेतांच्या कडेने घरी आणतात. त्यांनी हे पुढे पाठवावं, याचा मला खरंच राग आला.

सगळ्यात घातक आहे ती मोऱ्यांची गोष्ट. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. मडगावजवळून वाहणाऱ्या साळ नदीच्या पात्रात एवढं पाणी मावत नाही. ते काठच्या शेतांवर पसरतं, थांबतं आणि ओहोटी लागली की हळूहळू बेतूलकडे, नदीच्या मुखाकडे, उतरतं. मध्ये भराव आला की शेतभर पसरून सरकणारं हे पाणी चार-दोन मोऱ्यांकडे ढकललं जातं. वरच्या बाजूला ते तुंबतं आणि मोरीच्या तोंडाशी माती खरवडतं. त्यातच भरती आली तर खालच्या बाजूलाही पाणी चढलेलं असतं. मग मोरीतून ते जाणार कुठे? सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात किती दिवस बुडून तग धरेल? शिवाय मऊ चिखलावर भरावाचं ओझं पडलं की जमीन वर्षानुवर्षं खचत राहते, मोरीही तिच्याबरोबर खाली बसते आणि गाळाने भरते. खांबांवरचा रस्ता महाग पडतो, हे खरं. पण पाण्याची वाट मोकळी राहते. पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये दलदलीतून पणजी-रायबंदर रस्ता बांधला, तेव्हा त्यांनीही खाली कमानी ठेवल्या होत्या.

शेतं पडीक आहेत, हे अर्धं खरं आहे. मजुरी परवडत नाही, बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं, मुलं नोकरीला जातात. पण पावसाचं पाणी पडीक शेतातही साठतंच.

बगलमार्ग नकोच, असं मी म्हणत नाही. कारवारकडे जाणाऱ्या ट्रकांनी मडगावात कशाला शिरायचं? पण ‘कोंडी कायमची मिटेल’ हे कशावरून? ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासून दाखवलं, की महामार्ग जेवढे वाढवले, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढली. आणि ज्याला मडगावच्या बाजारातच यायचंय, तो बगलमार्गाने वळसा घालून शेवटी कोलवा सर्कललाच येणार ना?

क्लोव्हरलीफबद्दल थोडक्यात सांगतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने वळायचं तर वेटोळ्याची त्रिज्या साधारण 50 मीटर लागते. अशी चार वेटोळी म्हणजे किती शेतं जातील, ते मोजा. वर एका वेटोळ्यातून येणाऱ्या आणि पुढच्यात शिरणाऱ्या गाड्या एकाच आखूड पट्ट्यात एकमेकींना छेदतात. परदेशात असे जुने जोड याच कारणाने बदलायला घेतलेत.

काका, आषाढात भरतीच्या वेळी मी तुम्हाला न्यायला येतो. आपण खारेबांधला जाऊन पाणी बघू. तोवर हा मेसेज ज्यांना पाठवलात, त्यांना हेही पाठवा.