मतदाराला कृतघ्न म्हणण्याआधी

2024 च्या लोकसभेचा निकाल लागून दोन आठवडे होत आले. 4 जूनच्या दुपारपासून आजपर्यंत मी या विषयावर एक ओळही लिहिली नव्हती, कारण पहिल्या चार दिवसांत जे लिहिले असते ते रागाच्या भरात लिहिले गेले असते आणि नंतर त्याचा पश्चात्ताप झाला असता. आज लिहितो आहे ते आपल्याच माणसांसाठी. 1989 पासून प्रत्येक लोकसभेला मतदानाच्या दिवशी पंचवटीतल्या आमच्या केंद्राबाहेर याद्या आणि चिठ्ठ्या घेऊन बसणाऱ्या भाजपच्या एका साध्या कार्यकर्त्याचे हे मत आहे, त्यामुळे ते विरोधकांचे म्हणून कोणी बाजूला सारू नये.

अनेक जण विचारतात की सरकार तर आलेच, 9 जूनला शपथविधीही झाला, मग एवढे वाईट कशाचे वाटून घेता? वाईट वाटते ते आकड्यांचे, आणि त्याहून अधिक त्या आकड्यांच्या मागे जे आहे त्याचे. 2019 मध्ये एकट्या भाजपच्या 303 जागा होत्या, त्या या वेळी 240 वर आल्या, म्हणजे बहुमताच्या 272 या आकड्याला 32 कमी. महाराष्ट्रात 23 खासदार होते, त्यांतले 9 उरले. आपल्या नाशिक जिल्ह्याचे मतदान नाशिक, दिंडोरी आणि धुळे अशा तीन मतदारसंघांत विभागलेले आहे. पाच वर्षांपूर्वी या तिन्ही जागा युतीच्या होत्या आणि आज त्यांतली एकही नाही. दिंडोरीत तर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार पराभूत झाल्या.

हे दुःख मी समजू शकतो. मला जे समजत नाही आणि सहनही होत नाही, ते म्हणजे निकालाच्या संध्याकाळपासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदाराला उद्देशून सुरू झालेली भाषा. लोक कृतघ्न आहेत, फुकटचे धान्य खाऊन उलटले, यांना विकास पचत नाही, यांची लायकीच नाही, असे संदेश मी माझ्या ओळखीच्या, सुशिक्षित, एरवी सौम्य बोलणाऱ्या माणसांकडून येताना पाहिले. त्यांतल्या काहींबरोबर मी तीस-तीस वर्षे काम केले आहे. म्हणून नाव न घेता, पण स्पष्टपणे सांगतो, की हे चुकीचे आहे.

माझी सासुरवाडी निफाड तालुक्यातली. धाकटे मेहुणे साडेचार एकरांत कांदा आणि थोडी द्राक्षे करतात. 2014 आणि 2019 या दोन्ही निवडणुकांत त्यांच्या घरातली सगळी मते आपल्याला पडली होती, आणि ती मी मागितली म्हणून नव्हे, तर त्यांना मनापासून द्यायची होती म्हणून. निकालानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मनात थोडा राग होता, हे कबूल करतो. चहा झाल्यावर मी विषय काढला, तेव्हा ते काही न बोलता आत गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात बाजार समितीतल्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या होत्या, तारखेनुसार लावलेल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या पट्टीवर लाल कांद्याचा भाव क्विंटलला 3,500 रुपये होता. जानेवारीतल्या पट्टीवर, त्याच शेतातल्या तशाच कांद्याला, 1,350. खाली हमाली, तोलाई, वाराई यांची वजावट दोन्हीकडे तशीच होती.

या दोन पट्ट्यांच्या मधली तारीख आहे 8 डिसेंबर 2023. त्या दिवशी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले होते, तेव्हाही लासलगाव, पिंपळगाव, विंचूर भागातले लिलाव बंद पडले होते आणि शेतकरी रस्त्यावर आले होते. बंदी 31 मार्चपर्यंत आहे असे सांगितले गेले आणि मार्च संपण्याआधीच ती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या 2,000 टन निर्यातीला परवानगी मिळाल्याची बातमी आली आणि आपल्याकडच्या लाल कांद्यावर बंदी कायम राहिली. हे आकडे शहरात कोणी लक्षात ठेवले नसतील, पण निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांत ते शाळकरी मुलांनाही पाठ होते. शेवटी 4 मे रोजी बंदी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. आपल्याकडचे मतदान होते 20 मे रोजी.

शहरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत बाजारात येणारा लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरून भाव येईपर्यंत चार-पाच महिने थांबता येते, लाल कांद्याचे तसे नसते. तो काढला की मिळेल त्या भावाला विकावा लागतो, नाहीतर सडतो. त्यामुळे बंदी ऐन डिसेंबरात आली तेव्हा शेतकऱ्याच्या हातात थांबण्याचाही उपाय उरला नव्हता. त्याच महिन्यांत माझ्या पंचवटीतल्या घरी कांदा स्वस्त झाला होता, आणि बरे झाले, असे आम्ही म्हणालोही होतो. बंदीचा हेतूच तो होता, निवडणुकीच्या वर्षात शहरी ग्राहकाला महागाईची झळ लागू नये हा. माझ्या स्वयंपाकघरातली ती स्वस्ताई मेहुण्यांच्या पट्टीवरून वजा झाली होती, हे मला जूनमध्ये त्यांच्या ओसरीवर बसल्यावर कळले. जानेवारीत कळायला हवे होते.

ते मला एवढेच म्हणाले, “दाजी, तुमच्या माणसांनी घरी येऊन चिठ्ठी दिली, ती मी घेतली. पण पाच महिन्यांत कांद्याचं काय झालं, हे विचारायला त्यांच्यातलं एकही जण आलं नव्हतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. 15 मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, मीही गेलो होतो. भाषण चालू असताना एका तरुणाने उठून कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला, तेव्हा आसपासच्या घोषणांत तो आवाज बुडाला आणि आम्हाला हायसे वाटले. तो विरोधकांनी पाठवलेला असेल, असे आम्ही परतताना गाडीत एकमेकांना सांगितले. मला आता वाटते की त्या दिवशी मैदानावर आम्हाला आधीच निकाल सांगणारा तो एकटा माणूस होता.

दिंडोरीच्या निकालाकडे नीट पाहिले तर आपला पराभव दिसतो त्याहून मोठा आहे. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे सर ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर सुमारे 1 लाख 13 हजार मतांनी निवडून आले. पण त्याच मतदारसंघात भगरे आडनावाचेच एक अपक्ष उमेदवार होते, त्यांचे चिन्ह तुतारी होते आणि त्यांना एक लाखाहून अधिक मते पडली. तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती तुतारी यांत मतदाराची गल्लत झाली, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती मते योग्य ठिकाणी पडली असती तर फरक दोन लाखांच्या पुढे गेला असता. आपल्यातले काही जण या गोंधळावर समाधान मानतात, त्यांचे मला आश्चर्य वाटते.

नाशिक शहराच्या मतदारसंघाची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगतो. समोरच्या बाजूने राजाभाऊ वाजे यांची उमेदवारी मार्चच्या शेवटी जाहीर झाली. आपल्याकडे जागा कोणाची यावर महायुतीत एप्रिलभर ओढाताण चालू राहिली, छगन भुजबळ यांनी 19 एप्रिलला माघार जाहीर केली, आणि हेमंत गोडसे यांचे नाव 1 मे रोजी, म्हणजे अर्ज भरायला दोन दिवस उरले असताना पुढे आले. महिनाभर लोक आम्हाला विचारत होते की तुमचा उमेदवार कोण, आणि आम्ही म्हणत होतो, येईल, वरून ठरेल. ज्याला उमेदवार ठरवायलाच उशीर झाला, त्याने मतदाराच्या निष्ठेवर शंका घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

धुळ्याच्या जागेबद्दल जे बोलले जाते, त्यावर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. आपले डॉ. सुभाष भामरे तिथे 3,831 मतांनी पडले. पाच विधानसभा मतदारसंघांत आघाडी होती आणि एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने ती पुसून टाकली, हा हिशोब दिवसातून दहा वेळा माझ्या फोनवर येतो आणि त्याच्या खाली एका समाजाविषयी जे लिहिलेले असते ते मी इथे लिहिणार नाही. पण हाच हिशोब एक पाऊल मागे नेऊन पाहावा. 2019 मध्येही मालेगाव मध्य आपल्या बाजूने नव्हते, तिथले मोठे मताधिक्य तेव्हाही विरोधी उमेदवारालाच होते, आणि तरीही डॉ. भामरे दोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले होते. मालेगाव मध्यमधली तफावत या वेळी वाढली हे खरे. पण उरलेल्या पाच ठिकाणची आपली आघाडी पूर्वीएवढी राहिली असती, तर त्या वाढीनेही जागा गेली नसती. ती आघाडी का आटली, हा प्रश्न बागलाणच्या आणि धुळे ग्रामीणच्या आपल्याच मतदारांना विचारायचा आहे. तो अवघड असल्यामुळे आपण मालेगावकडे बोट दाखवतो.

अयोध्येबद्दलची भाषा वाचून तर मला रात्री झोप लागली नाही. अयोध्या ज्यात येते त्या फैजाबाद मतदारसंघात समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद जिंकले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या ग्रुपवर आवाहने सुरू झाली की तिथे गेलात तरी दुकानदाराकडून प्रसाद घेऊ नका, हॉटेलात राहू नका. प्रभू रामचंद्रांनी वनवासात जिथे पर्णकुटी बांधली त्या पंचवटीत राहणाऱ्या माणसांनी अयोध्येच्या रहिवाशांना शिव्या द्याव्यात, याइतके क्लेशदायक काय असेल? तिथे रस्ते रुंद करताना अनेकांची घरे आणि दुकाने गेली, मोबदल्याच्या तक्रारी राहिल्या. आपल्याला हे कळायला फार लांब जायला नको. तपोवनात कुंभातल्या साधूंच्या मुक्कामासाठीच्या साधुग्रामच्या आरक्षणाखाली ज्यांच्या जमिनी वर्षानुवर्षे अडकून पडल्या आहेत, त्या शेतकऱ्यांना भेटावे. सिंहस्थावर त्यांची श्रद्धा आपल्याइतकीच आहे, आणि तरीही मोबदल्याचा प्रश्न ते प्रत्येक कुंभाच्या आधी विचारतात. श्रद्धा आणि तक्रार एकाच माणसाच्या मनात नांदू शकते.

चारशे पारच्या घोषणेविषयीही मला असेच एक उत्तर द्यायचे राहून गेले आहे. सातपूरच्या कारखान्यात माझ्याबरोबर बावीस वर्षे काम केलेला एक मित्र आहे, आंबेडकरी घरातला. मागच्या दोन्ही वेळा त्याने आपल्याला मत दिले होते. एप्रिलमध्ये त्याने मला सरळ विचारले, “सरकार 272 वर चालतं, मग 400 कशाला हवेत?” मी म्हणालो, अरे, ती घोषणा आहे, एवढी मनावर घेऊ नकोस. पण मार्चमध्ये कर्नाटकातले आपले खासदार अनंतकुमार हेगडे यांनी घटना बदलण्यासाठी 400 जागा हव्यात असे जाहीरपणे म्हटले होते, पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत म्हणून सोडून दिले होते आणि ती चित्रफीत प्रत्येक वस्तीत पोचली होती. नाशिक जिल्ह्यात तरी हे गांभीर्याने घ्यायला हवे होते. ज्या काळाराम मंदिरात मी रोज सकाळी जातो, त्याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. त्यानंतर 1935 मध्ये याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. ज्यांच्या आजोबांनी त्या दारासमोर मार खाल्ला, त्यांच्या घरात घटना हा शब्द वेगळ्या वजनाने उच्चारला जातो. मित्राने मला प्रश्न विचारला तेव्हा तो मत नाकारायला आलेला नव्हता, दिलासा मागायला आला होता, आणि तो मी दिला नाही.

आकड्यांचा आधार घेणाऱ्यांचेही म्हणणे मी ऐकले आहे. देशात भाजपची मते एक टक्क्याहूनही कमी घटली आणि महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत जेमतेम फरक आहे, हे दोन्ही खरे आहे. समोरचे पक्ष एकत्र लढले की थोड्या मतांच्या हालचालीने पुष्कळ जागा फिरतात, हेही खरे. पण ही थोडी मते कोणाची होती, हे विचारल्यावर मला सरासरी दिसत नाही. माझा मेहुणा दिसतो, माझा मित्र दिसतो. ती माणसे कालपर्यंत आपली होती. 2004 मध्येही आपण असेच चकित झालो होतो. तेव्हाही महिनाभर मतदाराला दोष दिला आणि त्यानंतर दहा वर्षे विरोधी बाकांवर बसलो.

येत्या रविवारी आमच्या मंडलाची आढावा बैठक आहे. विधानसभेची निवडणूक याच वर्षी आहे, त्यामुळे तिथे पुढच्या तयारीचे बोलणे होईल. मेहुण्यांकडून मी त्या दोन्ही पट्ट्यांच्या झेरॉक्स प्रती मागून आणल्या आहेत आणि बोलायची वेळ आली की आधी त्या वाचून दाखवणार आहे. मित्रालाही बैठकीला येण्याची विनंती केली होती. त्याने अजून होकार दिलेला नाही.