क्लॉक वर की खाली, एकदा ठरवा!

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेट्टीवर भरती मोजायचा सेन्सर बसवलाय. तो एसपीआयवर बोलतो, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यावर एकेक बिट पाठवतो. आकडा कधी बरोबर, कधी थेट दुप्पट. एक बिट सरकलेला, दुसरं काय! डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) सीपीओएल-सीपीएचए (क्लॉक थांबलेला असताना वर की खाली, आणि बिट त्याच्या पहिल्या कडेवर वाचायचा की दुसऱ्या) नीट लिहावं, तर सेन्सरचा ड्रायव्हर उठतो आणि त्यावर सरळ मोड ० (दोन्ही शून्य) थापतो. अरे, कशाला हात लावता? चिप सिलेक्टची (चिपला "आता तू बोल" सांगणारी तार) पोलॅरिटीही, म्हणजे ती वर असताना चालू की खाली हेही, त्यात पुसली जाते, ती वेगळीच. आणि चिपचं माहितीपत्रक, डेटाशीट! मोडचा आकडा कुठ्ठे नाही, नुसती पुसट आकृती. मोड ० आणि ३ (दोन्ही एक) दोन्ही क्लॉकच्या चढत्या कडेवर, तो खालून वर जाताना, वाचतात, म्हणून बऱ्याच चिप दोन्हींत चालतात आणि चुकीची सेटिंगं खुशाल खपतात. वर बोटीचा तांडेल विचारतो, "पाणी चढलेलं आम्हाला दिसतंय, तुमच्या डब्याला कधी दिसणार?"