‘हस्ताक्षर मालकांचे नाही’

आज दुपारी कुरिअरने वडिलांच्या पत्रांचा खोका परत आला. सहा महिन्यांपूर्वी तो मी एका संस्थेच्या संग्रहासाठी स्वतः नेऊन दिला होता. सोबत आलेल्या पत्रात म्हटले आहे की एकशे त्रेचाळीसपैकी नऊ पत्रे ठेवून घेतली आहेत आणि उरलेल्यांतील ‘हस्ताक्षर मालकांचे नसल्यामुळे’ ती संग्रहमूल्याची नाहीत. जेवण तसेच टाकून हे लिहायला बसलो आहे.

वडील एका फिरत्या नाटक कंपनीचे मॅनेजर होते. 1964 साली मालकांनी तालुक्याच्या गावी स्वतःचे पत्र्याचे थिएटर बांधले. मालकच मुख्य नट. उद्घाटनाआधीच्या दोन महिन्यांतला सगळा पत्रव्यवहार वडिलांनी मालकांच्या नावाने केला आणि कार्बन लावून प्रत्येकाची स्थळप्रत ठेवली. रंगारी, मांडववाले, हँडबिले छापणारा, विसार घेऊन गप्प बसलेला पेटीवाला, फुकट पास मागणारे निम्मे गाव, सर्वांना मालकांच्या सहीने उत्तरे गेली.

ज्यांना हे किरकोळ वाटते त्यांनी लंडनच्या लायसियम थिएटरकडे पाहावे. हेन्री अर्विंग या नटाने ते मिसेस बेटमन यांच्याकडून स्वतःच्या ताब्यात घेतले आणि 30 डिसेंबर 1878 रोजी ‘हॅम्लेट’ने उघडले. स्वतः हॅम्लेट, एलन टेरी ऑफिलिया. ही रात्र नाट्येतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेली आहे. पण त्या रात्रीपर्यंतची रोजची अक्षरे कोणाची होती? डब्लिनच्या सरकारी कचेरीतली कायमची नोकरी सोडून आलेल्या एका कारकुनी पेशाच्या माणसाची. तो माणूस म्हणजे अर्विंगचा मॅनेजर ब्रॅम स्टोकर. त्याचे लग्न 4 डिसेंबरला झाले आणि 9 तारखेला तो नव्या बायकोसह बर्मिंगहॅमला अर्विंगपुढे हजर होता. उद्घाटनाला उरले होते तीन आठवडे. आयर्लंडमधल्या कोर्ट कारकुनांसाठी त्याने लिहिलेले कामकाजाचे पुस्तक पुढच्या वर्षी छापून बाहेर आले. त्या माणसाला पत्राचे वजन कळत होते, एवढेच मला म्हणायचे आहे.

पुढे अर्विंगच्या आठवणी लिहिताना स्टोकरने सांगितले की अर्विंगच्या नावाने आपण जवळजवळ पाच लाख पत्रे लिहिली. सत्तावीस वर्षांत पाच लाख, म्हणजे रविवार धरून दिवसाला पन्नास. आकडा थोडा फुगवलेला असेल, मान्य. नाटकवाल्यांचे आकडे फुगतातच. पण निम्मी धरली तरी अर्विंगचे म्हणून जगाला जे सौजन्य, जो नकार, जी दिलगिरी पोहोचली, त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या मनगटातून उतरले होते. आमच्या संग्रहवाल्यांच्या हिशेबाने ती सगळी रद्दी ठरते.

वडिलांच्या पत्रांत मला ओळखू येणारी एक खूण होती. मजकूर मालकांचा, थाट मालकांचा, ‘आपला कृपाभिलाषी’च्या खाली सहीही मालकांची, पण ताजा कलम वडिलांचा. मुंबईहून येणाऱ्या पेटीवाल्यासाठी ज्यांच्याकडे उतरायची सोय केली होती, त्यांना लिहिलेल्या पत्राखाली आहे: ‘ता. क. यांस रात्री झोपताना दूध लागते. मागणार नाहीत, आपणच द्यावे.’ आपला पेटीवाला रात्री काय पितो याची मालकांना सुतराम कल्पना नव्हती. हे पत्र परत आलेल्यांत आहे.

पेटीवाला कोण मोठा, असे विचारणाऱ्यांना एलन टेरीने आठवणींत सांगितलेला प्रसंग सांगतो. उद्घाटन तोंडावर आले तरी अर्विंग तिच्याबरोबरच्या प्रवेशांची तालीम घेईना. सगळे लक्ष दिव्यांवर आणि वाद्यांवर. तिने धीर करून विचारले, तेव्हा त्याने सांगितले की आपले दोघांचे ठीकच होईल, पण गॅसवाल्यामुळे किंवा फिडलवाल्यामुळे खेळ अडण्याचा धोका आपण पत्करणार नाही. उद्घाटनाच्या रात्री ऑफिलियाच्या वेडाच्या प्रवेशानंतर ती बिचारी आपण पडलो असे समजून, शेवटच्या पडद्याला न थांबता निघून गेली आणि थेम्सच्या काठाने गाडीतून फेऱ्या मारत राहिली. सहनायिकेला हे भोगावे लागले ते योग्य झाले असे मी म्हणत नाही. परंतु एवढ्या मोठ्या नटाला थिएटर उघडताना कशाची धास्ती असते, हे यावरून कळावे. ती धास्ती दिवाणखान्यातल्या तैलचित्रात दिसत नाही. ती गॅसवाल्याला, फिडलवाल्याला, रंगाऱ्याला गेलेल्या पत्रांत असते.

स्टोकरला जग आज वेगळ्याच कारणाने ओळखते. लायसियमच्या त्याच नोकरीत असताना त्याने ‘ड्रॅक्युला’ लिहिली, ती 1897 साली आली. पत्रे, रोजनिश्या, तारा आणि कात्रणे यांचीच ती कादंबरी आहे. तीतला जो तो काउंट ड्रॅक्युलाबद्दल लिहीत असतो. काउंटला स्वतःची रोजनिशी नाही. ज्याने आयुष्य दुसऱ्याच्या नावाने लिहिण्यात घालवले त्याला ही मांडणी सुचावी यात मला तरी नवल वाटत नाही. अर्विंगला 1895 मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, इंग्लंडमध्ये नटाला मिळालेली ती पहिली. 1905 मध्ये गेल्यावर त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. पत्रे लिहिणाऱ्याने पुढच्याच वर्षी दोन खंडांत मालकाच्याच आठवणी लिहिल्या. आमच्या वडिलांनीही तेच केले असते. मालकांना कोणी एकेरी नावाने हाक मारली तर ते उठून जात.

संस्थांकडे जागा कमी असते, कपाटांना वाळवी लागते, माणसे अपुरी असतात, हे मलाही कळते. सगळ्यांच्या वडिलांचे खोके कोणी सांभाळू शकत नाही. पण मग जागा नाही म्हणा. ‘हस्ताक्षर मालकांचे नाही’ असे म्हणू नका.

एवढे लिहून झाल्यावर संस्थेचे पत्र पुन्हा हातात घेतले, नाव जाहीर करावे काय या विचाराने. खाली संचालकांची ऐटदार सही आहे. डाव्या कोपऱ्यात, अगदी बारीक टाइपात, पत्र टाइप करणाऱ्याची आद्याक्षरे आहेत. आणि त्याखाली पेन्सिलीने, नक्कीच संचालकांना न विचारता, एक ओळ लिहिलेली आहे: ‘दुधाचे पत्र वरच ठेवले आहे. खालची पत्रे किंचित दमट आहेत, ऊन दाखवावे.’

नाव जाहीर करत नाही. खोका गच्चीत नेऊन पत्रे चटईवर पसरली आहेत, आणि वारा असल्यामुळे प्रत्येकावर एकेक वाटी ठेवावी लागली आहे. घरातल्या वाट्या संपल्या, शेजारच्या काकूंकडून मागून आणल्या.